'लिनेआ' या स्वीडिश नावाचा अर्थ काय? आजही मुलींचं हे नाव ठेवतात का?

हो, ठेवतात की. लिनेआ हे मुळात एका रानफुलाचं नाव. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात जमिनीलगत पसरणारी ही नाजूक वेल. वीतभरही नसलेल्या दांडीला वर दोन फाटे आणि प्रत्येकाला एकेक फिकट गुलाबी घंटी लटकलेली. वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनेयसचं हे लाडकं फूल. १७३२ मध्ये तो स्वीडनच्या अगदी उत्तरेकडच्या लॅपलंड या भागात गेला होता. तिथल्या पोशाखातल्या त्याच्या चित्रात हातात हेच फूल आहे. फुलाचं नाव त्याच्यावरून पडलं. आणि गंमत बघा, 'लिनेयस' हे आडनाव त्याच्या वडिलांनी घराण्याच्या जमिनीवरच्या लिंडेनच्या झाडावरून घेतलं होतं. म्हणजे झाडावरून माणूस, माणसावरून फूल, फुलावरून मुलगी!

१९९० च्या दशकात आणि २००० नंतर स्वीडनमध्ये हे नाव जोरात होतं. त्याहून जास्त ते मधलं नाव म्हणून दिसतं (तिथलं मधलं नाव आपल्यासारखं वडिलांचं नसतं). फिनलंड, नॉर्वेतही आढळतं. उच्चारताना जोर 'ने'वर द्या.