गेम ऑफ लाइफचा प्रोग्रॅम थांबतच नाही. १००० चा काउंटर लावला तर चालेल का?

गेम ऑफ लाइफ म्हणजे चौकटींचा पट. प्रत्येक चौकट (सेल) जिवंत किंवा मृत, आणि आठ शेजाऱ्यांपैकी किती जिवंत यावरून पटाची पुढची अवस्था, म्हणजे जनरेशन, ठरते. प्रश्नातली माहिती एवढी: पुणे, सेकंड इयर, सी लँग्वेज, २० बाय २० चा ग्रिड, कडा एकमेकींना जोडलेल्या (उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत), 'नवा ग्रिड जुन्यासारखाच आला की थांब' ही अट. लूप संपत नाही, सर म्हणतात काउंटर लावा, शुक्रवारी सबमिशन.

काउंटर लावलात तर सबमिशन होईल, चूक तशीच राहील. पुण्यातल्या लॅबमधून हा १००० चा आकडा सीनियरच्या पेनड्राइव्हवरून ज्युनियरकडे जातो आणि १००० च का, हे कुणी विचारत नाही. ओरलला एक्स्टर्नलनं विचारलं तर? आर-पेंटोमिनो ही सुरुवातीची आकृती घ्या. जिवंत सेल फक्त ५, पण मोकळ्या पटावर ते प्रकरण निवळायला ११०३ जनरेशन लागतात. तिथे हा काउंटर खेळ रंगात असतानाच पडदा पाडेल.

आधी कुठला लूप अडकलाय ते बघा. दर जनरेशनला तिचा नंबर आणि जिवंत सेलची संख्या छापा, तीही एसटीडीएररवर, म्हणजे एरर छापायच्या वेगळ्या मार्गावर. साध्या प्रिंटएफचा मजकूर बफरमध्ये अडकून राहू शकतो आणि आपण भलत्याच ओळीवर संशय घेत बसतो.

नंबर पुढे सरकतच नसेल तर गडबड आतल्या लूपमध्ये. बऱ्याचदा शेजारी मोजणाऱ्या लूपच्या व्हेरिएबललाही बाहेरच्या लूपचंच 'आय' हे नाव दिलेलं असतं. तो उणे १ पासून १ पर्यंत फिरतो आणि संपताना 'आय'मध्ये २ सोडून जातो. बाहेरचा लूप त्यात १ मिळवून ३ करतो, ३ हे २० पेक्षा लहान, पुन्हा आत, पुन्हा २, पुन्हा ३. चौथ्या ओळीच्या पुढे प्रोग्रॅम जातच नाही. (पायथनमध्ये हीच चूक केली तर लूप संपतो, उत्तर मात्र चुकतं. ते जास्त वाईट.)

दुसरी शंका कडेवरची. रकाना ० चा डावा शेजारी उणे १ येतो आणि सीमध्ये उणे १ ला २० नं भागून उरलेली बाकी उणे १ च येते, १९ नाही. म्हणून आधी २० मिळवा, मग बाकी काढा. ॲड्रेस सॅनिटायझरवर (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या कंपायलरच्या सोयीवर) विसंबू नका. ओळ ३, रकाना २० ही जागा मेमरीत ओळ ४, रकाना ० वरच येते, म्हणजे ॲरेच्या आतच, त्यामुळे तो गप्प बसतो. अनडिफाइन्ड बिहेवियरचा, म्हणजे भाषेच्या नियमांबाहेरच्या वागण्याचा, सॅनिटायझर मात्र पकडतो.

नंबर भराभर वाढतोय, पण जिवंत सेलची संख्या त्याच त्या आकड्यांत फिरतेय? मग लूप धडधाकट आहे, तुम्हीच न येणाऱ्या गोष्टीची वाट बघताय. तीन सेलचा ब्लिंकर आडवा-उभा-आडवा होत राहतो, लागोपाठचे दोन ग्रिड कधीच सारखे येणार नाहीत. यावर लोक 'दोन जनरेशन मागचाही ग्रिड तपास' असं ठिगळ लावतात. मग पल्सार नावाची आकृती येते, तिचं चक्र ३ चं. पेंटाडेकॅथलॉनचं १५ चं. आणि कडा जोडलेल्या असल्यानं तुमच्याकडे एकटा ग्लायडर (पटावर सरकत जाणारी पाच सेलची आकृती) दर ४ जनरेशनला एक घर तिरका सरकत ८० जनरेशननी मूळ जागी येतो. कडा मृत धरल्या असत्या तर तोच ग्लायडर कडेला आपटून २ बाय २ चा ब्लॉक झाला असता आणि तुमची अट बिनबोभाट चालली असती!

२० बाय २० च्या पटाच्या अवस्था २ चा ४०० वा घात इतक्या. संख्या अवाढव्य, पण मर्यादित, आणि नियम ठरलेले. त्यामुळे आधीची एखादी अवस्था परत येणारच. तीच पकडा. गणितज्ञ ब्रेंटची चक्र शोधायची १९८० ची पद्धत वापरा. एकच जुना ग्रिड जपून ठेवायचा, जनरेशन १, २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या टप्प्यांवर तो बदलायचा आणि प्रत्येक नव्या ग्रिडशी मेमकंपनं (मेमरीचे दोन तुकडे ताडणाऱ्या सीच्या फंक्शननं) ताडून बघायचा. ग्लायडरच्या बाबतीत १२८ ला जपलेला ग्रिड २०८ ला जुळतो, फरक ८०, हीच चक्राची लांबी. आधी तुलना, मग जपणूक. क्रम उलटला तर ग्रिड स्वतःशीच जुळतो आणि प्रोग्रॅम जनरेशन १ लाच थांबतो. फरक १ आला तर 'स्थिर' छापा, नाहीतर 'चक्र' आणि लांबी.

आता काउंटरची बाजूही सांगतो, नाहीतर सरांवर अन्याय होईल. पट हवा तसा वाढणारा असेल तर गॉस्परची ग्लायडर गन दर ३० जनरेशनला एक ग्लायडर सोडत राहते, अवस्था कधीच परत येत नाही. तिथे मर्यादा हवीच. नियमात रँडम असेल तरी हवी, कारण तिथे अवस्था परत आली म्हणून चक्र सिद्ध होत नाही. तुमच्याकडेही एक लाखाची ठेवा हवी तर, फक्त ती गाठली की 'मर्यादा संपली' असं वेगळं छापा, 'स्थिर' नको.