आधी बीझेड बघा, मग आकाश

सूर्यावर स्फोट झाल्याची बातमी आली की लगेच ध्रुवीय प्रकाशाची वाट बघत बसू नका. मीही सुरुवातीला तेच करायचो आणि कितीतरी रात्री फुकट जागलो.

सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारे विद्युतभारित कण, एरवी सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने येतो, पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला सूर्याच्या बाजूला सुमारे ६५,००० किलोमीटरवरच अडवतं. बहुतेक कण बाजूने वळून निघून जातात. खरी गोम दिशेत आहे. सौरवारा स्वतःचं चुंबकीय क्षेत्रही सोबत आणतो. त्या सीमेवर आपल्या क्षेत्ररेषा उत्तरेकडे असतात. येणारं क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असेल तर दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि दार उघडतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. २०१५ मध्ये सोडलेल्या नासाच्या एमएमएस मोहिमेच्या चार यानांनी ती जोडणी अगदी जवळून मोजली.

म्हणून सौरवाऱ्याच्या आलेखात आधी बीझेड, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग: अधिक म्हणजे उत्तरेकडे, उणे म्हणजे दक्षिणेकडे. वेग ७०० पण बीझेड अधिक १० नॅनोटेस्ला? मी सरळ झोपतो. वेग ४५० आणि बीझेड उणे १० वर टिकून? कॅमेरा बाहेर. ही मोजमापं १५ लाख किलोमीटर पुढच्या यानांवरून येतात, त्यामुळे हाताशी जेमतेम तासभर असतो.

आणि हो, कण थेट ध्रुवांवर ओतले जातात हे चित्र डोक्यातून काढा. थोडे तिथल्या फटींतून उतरतात खरे, पण झगमगाट करणारे बहुतेक इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रात्रीच्या बाजूला ताणलेल्या लांब शेपटीकडून येतात. म्हणूनच खेळ मध्यरात्रीच्या आसपास रंगतो.