वाचकांचे प्रश्न : सॉलिडवर्क्समधली जड असेंब्ली

प्रश्न : सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या आमच्या कन्व्हेयरच्या असेंब्लीत (पार्ट जोडून केलेल्या मॉडेलमध्ये) सुमारे 3,000 पार्ट आहेत. फाइल उघडायला फार वेळ लागतो, मॉडेल फिरवताना अडखळतं आणि एक मेट (दोन पार्टांमधली जोडणीची अट) बदलला तरी रिबिल्ड (मॉडेलची फेरगणना) संपता संपत नाही. मशिनमध्ये 32 जीबी रॅम आहे. ती 64 करावी का?

उत्तर : इतक्यात नको. असेंब्ली उघडून तासभर काम झालं की टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा आकडा बघा. तो 20-22 जीबीवर थांबत असेल तर वाढीव रॅम नुसती पडून राहील. रॅम भरून विंडोज डिस्कचा आधार घेऊ लागली असेल, तरच ती वाढवा. तिथेच प्रोसेसरकडेही लक्ष द्या. आठ लॉजिकल कोर असतील तर रिबिल्डच्या वेळी बराच काळ 12-13 टक्केच वापर दिसेल. तो बिघाड नव्हे. पुढचं फीचर (भोक, खाच असा मॉडेलचा एकेक टप्पा) मागच्यावर उभं असतं, त्यामुळे ती एकामागून एकच सोडवावी लागतात. नवं मशिन घ्याल तेव्हा कोरच्या संख्येपेक्षा एका कोरचा वेग तपासा.

तुमच्या तिन्ही तक्रारींची मुळं मात्र वेगवेगळी आहेत.

फिरवताना अडखळणं हा त्रिकोणांचा प्रश्न. पडद्यावरचा प्रत्येक गोल पृष्ठभाग त्रिकोणांत तोडून काढला जातो. एकच बोल्ट 400 ठिकाणी असेल तर मेमरीत तो एकदाच येतो, पण पडद्यावर 400 वेळा काढावा लागतो. ‘असेंब्ली व्हिज्युअलायझेशन’ उघडा, त्यात ग्राफिक्स ट्रँगल्सचा रकाना घ्या आणि उतरत्या क्रमाने लावा. वरच्या दहा ओळींतच बहुतेक गुन्हेगार सापडतात : खरे आटे कापलेले बोल्ट, स्प्रिंगा, नर्लिंग (पकडीसाठीची खरबरीत नक्षी), झाकणावर कोरलेलं नाव आणि पुरवठादाराच्या स्टेप फाइलमधून (कुठल्याही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या त्रिमितीय फाइलमधून) आलेली मोटर, तीही आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांसकट. आट्यांच्या जागी कॉस्मेटिक थ्रेड (आट्यांची नुसती खूण) वापरा. मोटर-गिअरबॉक्सची असेंब्ली ‘सेव्ह अ‍ॅज’ने पार्ट म्हणून साठवा आणि ‘एक्स्टीरियर कंपोनंट्स’ (फक्त बाहेरचे पार्ट) निवडा. ‘एक्स्टीरियर फेसेस’ निवडलं तर फाइल आणखी हलकी होते, पण उरतात नुसते पृष्ठभाग, वस्तुमान जातं. मग ते ‘ओव्हरराइड मास प्रॉपर्टीज’मध्ये हाताने भरावं लागतं, नाहीतर उचलण्याच्या हुकाचं गणित चुकेल. शेवटी डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधली इमेज क्वालिटीची पट्टी बघा. कुणीतरी हौसेने ती लाल भागात नेऊन ठेवलेली असते.

रिबिल्डचं दुखणं मेट्समध्ये. सगळ्यात वरच्या पातळीवरचे मेट एकत्र सोडवले जातात. 3,000 पार्ट थेट तिथेच टाकले असतील तर कुठलंही मशिन रडेल. ड्राइव्ह एंड, टेल एंड, फ्रेम, गार्ड अशा सब-असेंब्ल्या पाडा. रिजिड (आतून न हलणारी) सब-असेंब्ली वरच्या पातळीला एकच वस्तू वाटते. ती ‘फ्लेक्सिबल’ केली की तिचे मेट पुन्हा वरच्या गणितात येतात. म्हणून ज्या सिलिंडरची हालचाल दाखवायचीच आहे, तेवढ्यापुरतंच ते करावं. मेट लावताना साखळी नको : दुसरा पार्ट पहिल्याला, तिसरा दुसऱ्याला, असं करत विसाव्यापर्यंत जाऊ नका. सगळे फ्रेमच्या प्लेनला (संदर्भाच्या प्रतलाला) बांधा. वेळेच्या हिशेबात कोइन्सिडंट (एकमेकांना टेकवणारे) आणि पॅरलल (समांतर ठेवणारे) मेट स्वस्त पडतात, लिमिट मेट (ठरावीक मर्यादेतच हालचाल देणारे) सर्वांत महाग.

उघडायला लागणारा वेळ ‘परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन’मध्ये पार्टनिहाय दिसतो. जुन्या आवृत्तीत साठवलेले पार्ट दर वेळी उघडताना नव्याने रूपांतरित होतात. एकदा नव्या आवृत्तीत सेव्ह केले की ही कटकट मिटते. फाइल सर्व्हरवरून थेट उघडत असाल तर स्थानिक डिस्कवर प्रत घेऊन फरक बघा. नुसतं दाखवायचं किंवा मोजायचं असेल तर ‘लार्ज डिझाइन रिव्ह्यू’ (असेंब्ली पूर्ण न उघडता बघायची सोय) पुरेसा आहे.

प्रश्न : रिबिल्ड केला तरी ट्रॅफिक लाइटचं चिन्ह (रिबिल्ड बाकी असल्याची खूण) जात नाही. कंट्रोल-क्यू (सक्तीचा पूर्ण रिबिल्ड) दोन-तीनदा दाबावं लागतं. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : बहुतेक वर्तुळाकार संदर्भ झाला आहे. समजा, ब्रॅकेटचं भोक तुम्ही असेंब्लीत बसून मोटरच्या भोकावरून काढलं आणि मग तीच मोटर त्या ब्रॅकेटच्या भोकाला मेट केली. आता भोक मोटरवर अवलंबून आणि मोटर भोकावर. प्रत्येक रिबिल्डला दोघं एकमेकांना थोडं सरकवतात. ट्रीमध्ये (बाजूच्या पार्टांच्या यादीत) ज्या पार्टपुढे बाण (->) दिसतो, म्हणजे ज्याला दुसऱ्या पार्टचा बाह्य संदर्भ आहे, तो आधी तपासा. मोटरचा मेट काढून तिला फ्रेमच्या प्लेनला बांधा किंवा ब्रॅकेटचा बाह्य संदर्भ तोडून मापं लिहा. संदर्भ नुसता ‘लॉक’ केला तर चिन्ह गप्प बसेल, पण पुढे मोटर बदलली की भोक जुन्याच जागी राहील आणि ते जुळणी करणाऱ्याच्या लक्षात येईल.

प्रश्न : स्पीडपॅक (सब-असेंब्लीचं हलकं रूप) वापरावं का?

उत्तर : ज्या सब-असेंब्लीचं काम संपलं आहे, तिच्यासाठी जरूर. मेटसाठी लागणारे फेसच निवडा. बाकीचं नुसतं चित्र उरतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. मूळ सब-असेंब्ली बदलली की स्पीडपॅक अपडेट करावं लागतं. आणि इंटरफिअरन्स (पार्ट एकमेकांत घुसणं) तपासायचा तर मूळ कॉन्फिगरेशनवर या, कारण चित्रापुरत्या उरलेल्या भागांची टक्कर त्यात सापडत नाही.