पडद्यावरचा गोल कापडावर उभट का होतो?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं कॉम्प्युटरवर कापडाचं डिझाइन करण्याबद्दलची आहेत. पहिल्या पत्रातली अडचण इतक्या जणांना येते की तिथे जास्त जागा खर्च केली आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी टेक्स्टाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेहमीच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये गोल फुलाची नक्षी काढली, ३०० रेझोल्यूशनची जेपेग फाइल केली आणि जकार्डवर, म्हणजे उभे धागे वेगवेगळे उचलून नक्षी विणणाऱ्या मागावर, नमुना विणायला दिली. फूल उभट आलं, पाकळ्यांच्या कडांना कचरा दिसतोय आणि मधला भाग नखाला अडकून उसवतो. मागवाले म्हणतात डिझाइन चुकलं. पडद्यावर तर सगळं व्यवस्थित आहे. चूक कुणाची?

मागवाल्यांचं बरोबर आहे. तुमच्या पत्रात रेझोल्यूशन आहे, रंगांची नावं आहेत, पण कापडात इंचाला किती एंड (ताण्याचे उभे धागे) आणि किती पिक (बाण्याचे आडवे धागे) हे कुठेच नाही. ते विचारल्याशिवाय माऊसला हात लावायचा नसतो.

समजा, कापड इंचाला ९६ एंड आणि ६४ पिकचं आहे. मागाच्या लेखी फाइलमधला एक ठिपका म्हणजे एक एंड आणि एक पिक जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. रेझोल्यूशन वगैरे त्याला काही कळत नाही. तुम्ही ९६ ठिपके रुंद आणि ९६ ठिपके उंच फूल काढलंत, तर रुंदीत ते ९६ एंडवर बसतं, म्हणजे बरोब्बर एक इंच. उंचीला मात्र ९६ पिक पडतात, आणि इंचात पिक ६४च, म्हणून उंची दीड इंच होते. फूल उभट झालं ते असं. हेच फूल ९६ बाय ६४ घरांत बसवायला हवं होतं. टेक्स्टाइलचं कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं) सॉफ्टवेअर हे दोन आकडे आधी मागून घेतं आणि पडद्यावरचं घरच त्या प्रमाणात उभट करून दाखवतं, त्यामुळे गोल काढला की गोलच विणला जातो. मी ग्राफ पेपरवर शिकले. तेव्हा अशा कापडाला आम्ही १२ बाय ८ चा कागद घ्यायचो : मोठ्या चौकोनात आडवी १२ घरं, उभी ८. कॉम्प्युटरने यात नवीन काही केलेलं नाही, फक्त कागदाचा गठ्ठा वाचवला.

आणि हो, आकडे विचारताना ते मागावरचे आहेत की फिनिश झालेल्या कापडाचे, हेही विचारा. मागावरून उतरल्यावर आणि पाण्यातून निघाल्यावर कापड आक्रसतं, तेही रुंदीत आणि लांबीत सारखं नाही. प्रमाण धरायचं ते फिनिश कापडाचं.

त्याच दमात एंड उचलणारे हुक किती हेही विचारून घ्या. १३४४ हुकांचा जकार्ड असेल आणि एंड ९६, तर रिपीटची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या एका तुकड्याची, रुंदी १३४४ भागिले ९६, म्हणजे १४ इंच. तुमची नक्षी १४, ७ किंवा साडेतीन इंचांत बसवता येईल. १० इंचांचं रिपीट हवं असेल तर ३८४ हुक रिकामे सोडून नव्याने हार्नेस (हुकांपासून एंडपर्यंतच्या दोऱ्या) बांधावा लागेल, आणि एका विद्यार्थिनीच्या नमुन्यासाठी तसं कुणी करणार नाही.

आता कडांचा कचरा. तुम्ही चार रंग वापरलेत असं लिहिता. फाइल उघडून रंग मोजून पाहा, शेकड्यांनी किंवा हजारांनी निघतील. दोन कारणं. पहिलं, चित्रकलेचं सॉफ्टवेअर कडा मऊ दिसाव्यात म्हणून लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबी छटांचे ठिपके आपणहून भरतं. दुसरं, जेपेग साठवताना चित्र दाबतं आणि कडेच्या आसपास आणखी छटा तयार करतं. फोटोत हे खपतं. जकार्डमध्ये एक रंग म्हणजे एक वीण. लालला सॅटिन (लांब मोकळ्या धाग्यांची गुळगुळीत वीण), पांढऱ्याला प्लेन (एक वर, एक खाली) असं ठरलेलं असताना त्या शेकडो गुलाबींना कुठली वीण द्यायची? कुणीतरी त्यांना ओढूनताणून जवळच्या रंगात टाकलं आणि कडेला एकेक ठिपका इकडचा तिकडे गेला. त्यावर उपाय सोपा आहे. कडा मऊ करणं बंद ठेवा, फाइल इंडेक्स्ड (मोजक्या, ठरवून दिलेल्या) रंगांत ठेवा, बीएमपी किंवा टिफमध्ये साठवा, आणि आकार लहान-मोठा केलात तर रंग पुन्हा मोजा. चारचे पाच झाले असतील तर पाचवा शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नखाला अडकतो तो फ्लोट, म्हणजे कुठे न बांधता इतर धाग्यांवरून मोकळा जाणारा धागा. आठच्या सॅटिनमध्ये बाण्याचा धागा सात एंडवरून मोकळा जातो. ९६ एंडच्या कापडात ते दोन मिलिमीटरही भरत नाही, म्हणून सॅटिन गुळगुळीत लागतं आणि अडकत नाही. तुम्ही मात्र पाकळीच्या मधे विणीऐवजी सपाट रंग भरलेला दिसतो. ४० एंड रुंद पाकळीवर बाणा एकदाही बांधला गेला नाही, तर सेंटिमीटरभर धागा मोकळा लोंबतो. अंगठी अडकली की खेचलाच. कॅडमध्ये फ्लोट तपासायची सोय असते : मर्यादा द्या, तिच्यापेक्षा लांब फ्लोट ते वेगळ्या रंगात दाखवतं. दोन विणी जिथे भेटतात ती रेषा खास तपासा, कारण इकडचे सात आणि तिकडचे सहा मिळून तिथे तेरांचा फ्लोट होतो आणि तो कुठल्याच एका विणीत दिसत नाही. बांधायचा ठिपका कुठे टाकायचा हे मात्र सॉफ्टवेअरवर सोपवू नका. ते कुठेही टाकतं. पाकळीच्या शिरेवर टाकला तर तो शीर म्हणून खपतो, मधेच टाकला तर डाग दिसतो.

पडद्यावर कधीच न दिसणारी एक गोष्ट राहिली. नक्षीत उभा सॅटिनचा पट्टा आणि शेजारी उभा प्लेनचा पट्टा असेल, तर प्लेनमधले एंड प्रत्येक पिकला वरखाली होतात आणि जास्त लांबी खातात. सॅटिनमधले कमी खातात. एकाच बीमवरून (ताणा गुंडाळलेल्या रुळावरून) दोन्ही येत असतील तर काही मीटरनंतर सॅटिनचे एंड सैल पडतात आणि तो पट्टा फुगतो. हातभर नमुन्यात कळत नाही, तागा विणताना कळतं. कॅडचं सिम्युलेशन मात्र शेवटपर्यंत सुरेख सपाट कापडच दाखवत राहील. असे पट्टे हवेच असतील तर दोन बीम मागा, नाहीतर नक्षी तिरकी फिरवून दोन्ही विणी सगळ्या एंडना सारख्या वाटून द्या.

प्रश्न : रोटरी छपाईसाठी केलेलं माझं ५० सेंटिमीटर रिपीटचं डिझाइन प्रत्येक ठिकाणाहून परत येतं. डिजिटल छपाईवाले तेच बिनतक्रार छापतात. असं का?

रोटरी स्क्रीन म्हणजे नळकांडं. एका फेऱ्यात जेवढा घेर, तेवढी लांबी छापली जाते. सर्वांत प्रचलित घेर ६४ सेंटिमीटरचा आहे, म्हणून लांबीतलं रिपीट ६४, ३२, २१.३३ किंवा १६ असंच हवं. ५० त्यात बसत नाही. डिजिटलला नळकांडंच नाही, त्याला फरक पडत नाही. ५० चं ताणून ६४ करू नका, फूल सव्वापटीहून मोठं होतं आणि त्याची सगळी नजाकत जाते. मधली जागा नव्याने रचा.

रोटरीला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, तेव्हा रंगही आवरा. दोन रंग जिथे चिकटतात तिथे फिका रंग गडदच्या खाली किंचित सरकवा, कारण कापड थोडं हललं तरी मधे पांढरी रेघ दिसायला नको. किती सरकवायचं ते छापणाऱ्यालाच विचारा, कापडाप्रमाणे ते बदलतं.

प्रश्न : ग्राहकाने पडद्यावर पाहून रंग मंजूर केला आणि छापून आल्यावर नाकारला. पैसे कोण भरणार?

पैशांचं करारात बघा. रंगाचं सांगते. पडदा उजेड फेकतो, कापड उजेड परत देतं. पडद्यावरचे काही झगझगीत निळे-हिरवे कुठल्याही डायने कापडावर येत नाहीत. शिवाय सुतीला रिअॅक्टिव्ह, रेशमाला अॅसिड, पॉलिस्टरला डिस्पर्स अशी डाय वेगळी, म्हणून एकाच फाइलचा रंग तिन्हींवर तीन तऱ्हेचा. प्रत्येक मशीन, डाय आणि कापडाच्या जोडीचा आयसीसी प्रोफाइल (त्या जोडीवर रंग कसे उतरतात याची मोजून केलेली फाइल) करून घ्यायचा आणि फाइल त्यातूनच पाठवायची. तरीही मंजुरी घ्यायची ती त्याच कापडाच्या छापलेल्या तुकड्यावर, डी-६५ (दिवसाच्या उजेडाचं प्रमाण) उजेडाच्या पेटीत, आणि मग दुकानातल्या ट्यूबच्या उजेडातही. पेटीत जुळणारे दोन तुकडे ट्यूबखाली वेगळे दिसू शकतात. यावर वाद होत असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरचे (रंग मोजणाऱ्या यंत्राचे) एल-ए-बी आकडे आणि चालणारा डेल्टा-ई, म्हणजे दोन रंगांतला फरक, आधीच लिहून घ्या. "थोडा गडद हवा" हे वाक्य ईमेलमध्ये आलं की मी उत्तर न देता तुकडा पाठवते.

प्रश्न : वडील आयुष्यभर ग्राफ भरत आले. त्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर म्हणजे कालची पोरं आणि त्यांचा खेळ. त्यांना काय सांगू?

त्यांना सांगा, हा खेळ त्यांच्या नोकरीइतकाच जुना असेल. जकार्डने पंचकार्डांचा माग १८०४ च्या सुमारास ल्योंमध्ये उभा केला, आणि भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली, ही भाषा तेव्हापासूनची. १९६८ साली अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या प्रदर्शनात आयबीएमच्या जॅनिस लोरी यांची पद्धत मांडली होती : लोक लाइट पेनने पडद्यावर नक्षी काढत आणि ती मागावर विणली जाई. स्वतः विणणारी बाई होती ती, म्हणूनच तिला ग्राफ भरण्याचा वैताग ठाऊक होता. १९८३ च्या मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणला, तेव्हापासून कार्डंही गळायला लागली.

वडिलांना माऊस शिकवायच्या फंदात पडू नका. त्यांच्याकडून फक्त विणी घ्या. सॉफ्टवेअरमध्ये विणींची लायब्ररी असते, आणि बहुतेक ठिकाणी ती यंत्राबरोबर आलेली, कुणी कधी विणून न पाहिलेली असते. त्यांच्या वहीतल्या तपासलेल्या विणी एकेक करून तीत भरा, कुठल्या सुताला आणि किती पिकला चालतात ते शेजारी लिहून. रंग भरणं कुणीही करेल.

प्रश्न : एआयने काढलेलं चित्र थेट विणता येईल का?

नाही. त्याचं रिपीट बहुधा जुळत नाही, रंग हजारोंनी असतात, आणि वरच्या पहिल्या उत्तरातलं एकही गणित त्याने केलेलं नसतं. कल्पना म्हणून घ्या आणि ग्राफवर नव्याने काढा.

प्रश्न : निटिंगलाही एंड-पिकचंच गणित लागतं का?

गणित तेच, नावं वेगळी : वेल (टाक्यांची उभी रांग) आणि कोर्स (आडवी रांग). साध्या जर्सीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे चौकोनी घरांत काढलेला गोल उभट न होता बसका होतो. नमुना विणून, धुऊन, वाळवून दहा सेंटिमीटरमधले वेल आणि कोर्स मोजा आणि तेच आकडे सॉफ्टवेअरला द्या.

प्रश्न : छोटं युनिट आहे. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

आधी तुमच्या मागाचा कंट्रोलर कुठल्या प्रकारची फाइल वाचतो ते कागदावर लिहून घ्या. विक्रेता डेमोला आला की त्याची तयार डिझाइन पाहू नका. तुमची सध्या चालू असलेली एक डिझाइन द्या, त्याच्याकडून फाइल करून घ्या, पेनड्राइव्हवर घाला आणि त्याच्यासमोर माग चालवा. इंडेक्स्ड रंग, फ्लोटची तपासणी, स्वतःच्या विणींची लायब्ररी, एवढं हवंच. थ्रीडी मॉडेलच्या अंगावर कापड नाचवून दाखवणारा भाग वेगळ्या पैशांत असेल तर सध्या घेऊ नका.