खांब सुरूचे आहेत, पण वाडा पेशव्यांच्या काळातला आहे का?

प्रश्न : नमस्कार दादा, वाईला आमच्या मामांचा जुना वाडा आहे, दोन चौकी, मागचा चौक आता पडीकच आहे. दिवाणखान्यातले खांब सेम टू सेम पुण्याच्या विश्रामबागवाड्यासारखे, सुरूच्या झाडाच्या आकाराचे, वर महिरपीला (खांबांमधल्या कमानीला) कोरलेलं केळफूल लोंबतंय. मामा आल्यागेल्याला सांगतात वाडा पेशवेकालीन आहे, कागद मात्र एकही दाखवत नाहीत. खांबांवरून वय कळतं का?

उत्तर : मामांना आत्ताच काही बोलू नका, पण नुसत्या खांबांवरून नाही कळत. पेशवाई १८१८ ला गेली, म्हणून सुतारांनी दुसऱ्या दिवशी सुरूचा खांब कोरायचं सोडलं असं थोडीच झालं, तेच हात, पुढे त्यांची मुलं, आणि घर बांधणारा सावकार किंवा वकील असला तरी त्याला दिवाणखाना पेशव्यांसारखाच पाहिजे असायचा. त्यामुळे असे खांब एकोणिसाव्या शतकात बराच काळ होत राहिले.

आणि तुम्ही विश्रामबागचंच नाव काढलंत म्हणून सांगतो, तो वाडासुद्धा सगळा एका वयाचा नाहीये. दुसऱ्या बाजीरावाने तो स्वतःला राहायला बांधला, १८०७ च्या सुमारास, सहा वर्षं काम चाललं आणि खर्च दोन लाख रुपये. शनिवारवाड्यात त्याचं मन रमत नव्हतं म्हणतात, तिथे १७७३ ला नारायणरावाचा खून झालेला, आणि तो करवल्याचा आळ ह्याच्याच वडिलांवर, रमेल कसं! अकराएक वर्षं इथे राहिला आणि मग इंग्रजांनी बिठूरला पाठवला. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथेच संस्कृत पाठशाळा काढली (पुढचं डेक्कन कॉलेज त्यातूनच आलं). मग मे १८७९ मध्ये आग. पेशव्यांचा बुधवारवाडा त्यात पूर्ण गेला, विश्रामबागचा एक भाग जळाला, तेव्हा वासुदेव बळवंत फडक्यांच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडाची धामधूम चालू होती म्हणून पहिला संशय तिकडेच गेला. जळलेला भाग नंतर परत उभा केला. पुढे १९३० ते १९५९ पुण्याची नगरपालिका, मग महापालिका तिथे होती. म्हणजे आपण बाजीराव रोडवर उभं राहून ती कोरीव सागवानी मेघडंबरी (दर्शनी सज्जा) बघून मान डोलावतो ते ठीकच आहे, पण आत गेल्यावर कुठला खण (दोन खांबांमधला भाग) बाजीरावाचा आणि कुठला आगीनंतरचा हे विचारायलाच पाहिजे. मला तर तेच बघायला जास्त मजा येते.

आता तुमचा वाडा. दिवाणखाना सोडा, पाहुण्यांना दाखवायची जागा ती, तिची डागडुजी सारखी होत राहते. माजघरात, बळदात (धान्य साठवायच्या जागेत) आणि त्या पडक्या चौकात जा. पडक्या भिंतीतल्या विटेची जाडी मोजा, पेशवाईतली वीट पातळ, चपटी असते, नंतरची जाड, साच्यातली. तुळईखाली कुठे लोखंडी गर्डर आहे का आणि त्यावर कंपनीचं नाव उठवलेलं आहे का बघा, असेल तर तेवढा भाग तरी रेल्वे आल्यानंतरचा. मंगलोरी कौलंही तशीच, ती १८६५ च्या आधीची असूच शकत नाहीत. पण कौलं काय, छप्पर कधीही बदलतात, त्यावरून अख्खा वाडा नवा ठरवू नका. आणि माळ्यावर मोडीतले कागद सापडले तर रद्दीत घालू नका प्लीज, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. निदान सिटी सर्व्हेचा उतारा तरी काढा.

प्रश्न : त्याच वाड्यात खांब थेट जमिनीत नाहीत, खाली दगड आहे. हे मुद्दाम का? आणि मामा आता भिंतींना सिमेंटचं प्लॅस्टर करतायत, चालेल ना?

उत्तर : तो तळखडा. जमिनीची ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये म्हणून. वाड्याचा भार मुख्यतः ह्या खांब-तुळयांच्या सांगाड्यावर, मधली भिंत बरीचशी भरणीची, म्हणून कधीकधी भिंत ढासळते आणि वरचा मजला तसाच उभा राहतो. पण खांबाचा बुंधा कुजला तर मात्र अख्खा खण खाली बसतो.

सिमेंट नको. जुनी भिंत विटा-माती-चुन्याची, ती ओल शोषते आणि चुन्यातून बाहेर सोडते, वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेल्या लाकडाला लागते. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी शोधायला वेळ लागेल, मजुरीही जास्त पडेल, तरी चुनाच करा. खांबांना ऑइल पेंट तर मुळीच नको, आधीचा असेल तर हळू हळू खरवडून काढा, टोकदार हत्यार न वापरता, नाहीतर केळफुलाच्या पाकळ्या जातील. मामा ऐकत नसतील तर आधी फक्त एकाच भिंतीवर सिमेंट करू द्या आणि एक पावसाळा थांबायला सांगा.