टॅबलेट अडकतोय, रीसेट करू का?

प्रश्न: माझा सॅमसंगचा टॅबलेट सारखा अडकतो. दुकानदार म्हणतो, फॅक्टरी रीसेट मारा. पण आत नातीचे बारशापासूनचे फोटो आहेत. काय करू?
– एक आजी, कराड

उत्तर: आजी, फॅक्टरी रीसेट म्हणजे टॅबमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं, तेव्हा त्याची घाई अजिबात करू नका. आधी पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, स्क्रीन काळी होऊन कंपनीचं नाव दिसेपर्यंत. दहाएक सेकंद लागतात. यात एकही फोटो जात नाही, आणि पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं.

तरीही अडकलाच, तर फोटो गूगल फोटोजवर चढवा आणि ते मुलाच्या फोनवर उघडून बघा. हे बघणं फार महत्त्वाचं. माझ्या आईच्या टॅबवर 'बॅकअप चालू' दिसत होतं, पण वायफाय नसल्याने शेवटच्या दोन महिन्यांचे फोटो वर गेलेच नव्हते. ते गेले ते गेलेच.

मग रीसेट करण्याआधी मेमरी कार्ड काढून ठेवा. गूगलचा पासवर्ड वहीत लिहा, मग सेटिंग्जमधून खातं काढा. सेटिंग्जमधून खातं न काढता रीसेट केलं, तर टॅब जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो. 2015 च्या अँड्रॉइड 5.1 पासून चोरीविरुद्ध ही सोय आहे. आणि हो, रीसेट करताना चार्जर लावलेलाच असू द्या.