एचएनईची व्हायल उघडण्याआधी

प्रिय,

४-हायड्रॉक्सीनोनेनालची, म्हणजे एचएनईची (चरबीच्या ऑक्सिडेशनमधून बनणारं अल्डिहाइड), इथेनॉलमधली व्हायल आल्या आल्या उणे ८० मध्ये ठेवलीस, हे उत्तम. काढशील तेव्हा बर्फावर ठेव आणि फ्यूम हूडमध्येच उघड. प्रथिनांवर हे अल्डिहाइड जसं बसतं तसंच ते तुझ्या कातडीवरही बसेल. नायट्राइलचे ग्लोव्हज घाल. थेंब पडलाच तर लगेच बदल.

इथेनॉल उडवायचं का, असं विचारलंस. पेशींना १० मायक्रोमोलर द्यायचं असेल तर नको. तुझा स्टॉक, म्हणजे व्हायलमधलं मूळ द्रावण, मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचा, म्हणजे सुमारे ६४ मिलिमोलर. एवढ्या विरलनात इथेनॉल ०.०२ टक्क्यांच्याही खाली राहतं. तेवढंच कंट्रोलमध्ये घाल म्हणजे झालं. शुद्ध प्रथिनासाठी जास्त मात्रा लागणार असेल तरच नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली उडव, पण पार कोरडं होऊ देऊ नकोस. इथेनॉलपाठोपाठ एचएनईही उडतं.

लेबलवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नकोस. प्रयोगाच्या दिवशी सकाळी स्वतः मोज. स्टॉक पाण्यात हजारपट विरळ कर, २२४ नॅनोमीटरला शोषण घे आणि १३,७५० या मोलर शोषण गुणांकाने भाग, म्हणजे विरळ द्रावणाची मोलर तीव्रता मिळेल. स्टॉक शाबूत असेल तर शोषणाचा आकडा ०.८८ च्या आसपास येईल. क्युव्हेट क्वार्ट्झचीच घे, कारण त्या तरंगलांबीला प्लास्टिक स्वतःच प्रकाश गिळतं. ब्लँकमध्येही (एचएनई नसलेल्या तुलनेच्या द्रावणात) तितकंच इथेनॉल हवं. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे, तरी लोक ते टाळतात आणि मग दोन बॅचचे निकाल जुळत नाहीत म्हणून आठवडाभर डोकं धरून बसतात.

आता बफर. ट्रिस बफर अजिबात नको, त्यात प्राथमिक अमाइन असतो आणि एचएनई त्यालाच जाऊन चिकटतं. फॉस्फेट वापर. प्रथिन डीटीटीत (थायोल, म्हणजे -SH गट असलेलं क्षपणकारक) साठवलेलं असेल तर आधी डिसॉल्टिंग कॉलममधून काढून ते डीटीटी वेगळं कर, कारण एचएनईची पहिली पसंती थायोललाच. प्रथिनातल्या अमिनो आम्लांत सिस्टीन आधी, मग हिस्टिडीन, मग लायसीन. पेशींच्या माध्यमात सीरम असेल तर त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिनच बराच वाटा खाऊन टाकतं. वऱ्हाड जेवून उठलं आणि नवरदेव उपाशी, अशी गत होते. मात्रा देण्याआधी सीरमविरहित माध्यम घाल, आणि किती वेळ ठेवलंस ते लिहून ठेव.

मात्रेचा मोह आवर. १०० मायक्रोमोलरला ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रथिनं दाखवणाऱ्या पटलावर) पट्टा झकास दिसतो, पण तोवर पेशी मरणपंथाला लागलेल्या असतात. १९८० मध्ये एस्टरबाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या मायक्रोसोममधून (पेशीतल्या पटलांच्या बारीक तुकड्यांमधून) हा रेणू ओळखला, तो विषारी पदार्थ म्हणूनच. त्यामुळे मृत्यू दाखवण्यात नवं काही नाही. १, ३, १०, ३० मायक्रोमोलर अशी मालिका लाव.

अभिक्रिया थांबवायला जादा डीटीटी घाल. अँटीबॉडीने पाहणार असशील तर आधी सोडियम बोरोहायड्राइडचा विचार कर: शिफ बेस (अल्डिहाइड आणि लायसीनच्या अमाइनमधले कच्चे बंध) सुटून जातात, क्षपण केलं की टिकतात. पण काही अँटीबॉडी क्षपण न झालेलं रूपच ओळखतात, तेव्हा डेटाशीट वाचल्याशिवाय ते घालू नकोस.

उरलेला स्टॉक छोट्या काचेच्या व्हायलमध्ये वाटून, वर आर्गॉन सोडून परत उणे ८० मध्ये टाक. एकदा वितळवलेली व्हायल पुन्हा गोठवायची नाही. सोमवारी शोषणाचा आकडा कळव, मग मात्रा ठरवू.

तुझा,
सर